गोधडीचा साचा घेताना
(वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि चारचौघींत उभे राहून बोलण्याचा प्रसंग म्हटला तर उखाण्यापुरता. पण गेले दोन महिने आपल्या शिवणवर्गात एकच विषय चालला आहे, आणि त्यासाठी मी मोजपट्टी घेऊन घरोघरी मशिनी मोजीत हिंडत होते. तेव्हा चिटणीसबाईंनी फर्माविले की, काय चौकशी केली ती तुम्हीच सभेत सांगा. म्हणून उभी राहिले. विषय गोधडीच्या साच्याचा आहे.

ज्या शिवणवर्गाला येत नाहीत त्यांच्यासाठी थोडे मागचे सांगते. आपल्याकडे लोक जुनी लुगडी, धोतरे, साड्या आणून गोधड्या करून नेतात. पूर्वी सारे काम हातसुईने होई. कडेपासून धावदोरा घालीत, चौकोनात चौकोन करीत मध्यापर्यंत यावयाचे. हे काम ज्यांच्या हातात होते त्या आपल्या तीन-चार वडीलधाऱ्या बायकांना आता सुईत दोरा ओवता येत नाही. मागणी मात्र वाढली. मग आपण मशिनीवर सरळ टिपा मारून गोधड्या देऊ लागलो. आता गिऱ्हाइकाला सरळ टिपा आवडत नाहीत. लाटा हव्यात, पाने हवीत, गोलात गोल हवेत. मोबाईलवर फोटोच काढून दाखवितात. असली नक्षी नुसत्या हाताच्या अंदाजाने एकसारखी येत नाही. त्याला साचा लागतो, आणि साच्याच्या कडेने टीप घालावयाची तर मशिनीला निराळा फूट बसवावा लागतो.

माझ्या थोरल्या नणंदेची सून अमेरिकेत असते. ती दिवाळीला येणार आहे. तिचा फोन आला, "मामी, तिकडून साच्यांचा संच आणते. पण साचा किती जाडीचा हवा आणि तुमच्या मशिनीची दांडी कोणती, ते आधी कळवा." आता दांडी म्हणजे काय, हेच आमच्यापैकी कोणाला सांगता येईना. पैसे मंडळाच्या शिलकेतून जावयाचे, आणि आणलेली वस्तू बसली नाही तर परत करावयास कोण अमेरिकेला जाणार? म्हणून ही चौकशी.

तिकडे गोधडीसाठी लाँगआर्म नावाची मोठी मशीन असते. नावाप्रमाणेच तिचा हात लांब. आपल्या घरच्या काळ्या मशिनीत सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत जेमतेम साडेसहा-सात इंच जागा असते. लाँगआर्मची ही जागा १८ इंचांपासून २६ इंचांपर्यंत आणि त्याहूनही अधिक असते. दुसरा फरक मोठा आहे. आपण मशीन जागेवर ठेवून कापड सरकवितो. तिथे उलट चालते. दहा-बारा फूट लांबीची चौकट असते, तिच्या गोल दांड्यांवर गोधडी गुंडाळून ताणून बसवितात, आणि मशीनच चाकांवर मागेपुढे, उजवीडावीकडे फिरते. बाई उभी राहून दोन मुठी धरते आणि कागदावर पेन्सिल फिरवावी तशी मशीन फिरविते. ही मशीन घरात ठेवण्यासारखी नव्हे. एक अख्खी खोली जाते. आमच्या या सूनबाई तासाप्रमाणे भाडे देऊन दुकानातल्या मशिनीवर काम करतात.

त्या मशिनीला साच्याच्या जोडण्या तऱ्हेतऱ्हेच्या मिळतात. एक अशी की, मशिनीच्या टेबलावर खाचा पाडलेला सपाट फळा ठेवावयाचा आणि मशिनीला लावलेली एक खुंटी त्या खाचेतून फिरवावयाची. खुंटी जशी फिरेल तशी सुई वर गोधडीवर नक्षी काढते. दुसऱ्या प्रकारात कागदावर नक्षी छापलेली असते आणि मशिनीच्या उजेडाचा ठिपका त्या रेघेवरून न्यावयाचा. तिसरा प्रकार साधा. जाड पारदर्शक ॲक्रिलिकचा साचा डाव्या हाताने गोधडीवर दाबून धरावयाचा आणि त्याच्या कडेला फूट घासून नेत टीप घालावयाची. या तिसऱ्यासाठी मशिनीखाली एक रुंद पाटही बसवितात, म्हणजे साचा डुगडुगत नाही.

हे ऐकून आपल्यापैकी काहीजणींचे मन त्या खाचांच्या फळ्यावर बसले होते. व्हिडिओत तो दिसतोही फार सुंदर. पण तो फळा मशीन फिरते म्हणून चालतो. आपली मशीन फिरत नाही. खुंटी कशाला लावणार? तेव्हा पहिले दोन प्रकार आपल्या कामाचे नाहीत, हे सूनबाईंना कळवून टाकले. आपल्याला तिसराच, हातात धरावयाचा साचा. तोही लाँगआर्मचा नको, आणि त्याचे कारण नीट ऐका, कारण सगळी गोम इथेच आहे.

साच्याचा जो फूट असतो त्याला दुकानदार रूलर फूट म्हणतात. आम्ही त्याला वाटीफूट म्हणू लागलो आहोत, कारण तो तळ नसलेल्या लहानशा वाटीसारखा गोल असतो आणि त्याला उंच काठ असतो. सुई बरोबर मधोमध खाली जाते. गोलाचा व्यास अर्धा इंच, म्हणजे सुईपासून काठापर्यंत सगळीकडे पाव इंच. साच्याची कड त्या काठाला टेकते आणि टीप कडेपासून पाव इंचावर पडते. आता साचा या काठाहून जाड असून चालत नाही आणि फार पातळही असून चालत नाही. पातळ साचा फुटाखाली शिरतो, सुई ॲक्रिलिकवर आपटते आणि मोडते. मोडका तुकडा डोळ्याकडे उडू शकतो, हे चेष्टेवारी नेऊ नका. उलट जाड साचा असला तर तो वर फूट कसण्याच्या स्क्रूला जाऊन अडतो.

लाँगआर्मचे साचे सुमारे ६ मिलिमीटर, म्हणजे पाव इंच जाडीचे असतात. उंच दांडीच्या मशिनींनाही तेच चालतात. आखूड दांडीच्या मशिनीला ३ मिलिमीटरचा साचा लागतो. आणि ही दांडी म्हणजे काय, तर ज्या उभ्या सळईला आपण फूट स्क्रूने कसतो तिची उंची. मोजावयाची रीत सोपी आहे. फूट खाली सोडा. कसण्याच्या स्क्रूच्या मध्यापासून खालच्या पत्र्यापर्यंत पट्टी उभी धरा. अर्धा-पाऊण इंच भरले तर दांडी आखूड, एक इंच किंवा अधिक भरले तर उंच. मी आपल्या नऊ सभासदांच्या मशिनी मोजल्या. घरच्या काळ्या मशिनी सगळ्या आखूड दांडीच्या निघाल्या. मंडळाची जी मोठी, शिंप्याकडची घेतलेली मशीन आहे, ती एकटी उंच दांडीची. म्हणजे साचा मंडळाच्या मशिनीपुरता घ्यावयाचा की घरी सगळ्यांना चालेल असा घ्यावयाचा, हा प्रश्न आला.

माझे मत असे की, ३ मिलिमीटरचा घ्यावा आणि आखूड दांडीचा वाटीफूट घ्यावा. मोठ्या मशिनीवर तो बसणार नाही हे खरे. पण मोठी मशीन सभागृहात. दुपारी दोन ते पाच कुलूप उघडे असते तेवढाच वेळ ती मिळावयाची, आणि तिथे एकीनेच बसावयाचे. घरी नऊजणींच्या मशिनी आहेत. साचा आज एकीकडे, उद्या दुसरीकडे गेला तर काम पुढे सरकते. शिवाय ३ मिलिमीटरचे ॲक्रिलिक इथेही मिळते. दुकानांच्या पाट्या करणारे कारागीर ते यंत्रावर हव्या त्या आकारात कापून देतात. म्हणजे फूट एकदा हाती आला की पुढचे साचे आपल्याला आपल्या गावातच करून घेता येतील. दर वेळी कोणाच्या सुनेच्या बॅगेत जागा मागावयास नको. एवढेच पाहावे की साचा पारदर्शक असावा, कड गुळगुळीत असावी, आणि खालच्या अंगाला खरखरीत कागदाच्या दोन-तीन पट्ट्या चिकटवाव्यात, म्हणजे तो कापडावर घसरत नाही.

साचा करून घेताना तो पाव इंच विसरू नये. चार इंचाचे वर्तुळ टिपेत हवे असेल तर थाळी चार इंचाची कापून चालत नाही. साडेतीनची कापावी लागते, कारण टीप कडेबाहेर पाव-पाव इंच जाते. साच्यात भोक पाडून आतून टीप फिरवावयाची असेल तर भोक साडेचारचे पाडावे. ज्यांना हिशेबाचा कंटाळा आहे त्यांनी कागदावर साचा ठेवून, दोरा न ओवता मोकळी सुई चालवून पाहावी. भोकांची ओळ दिसते, ती मोजावी.

इथे एक विचारतील, आणि विचारलेच आहे, की बांगडी, वाटी, ताटली यांनी आपण आजवर गोल काढले, ते काय वाईट होते? मुळीच नाही. खडूने किंवा साबणाच्या चिपटीने रेघ आखण्यापुरती बांगडी उत्तम. पण चालू मशिनीखाली बांगडी धरू नका. तिची कड गोल, फूट तिच्यावर चढतो, आणि काचेची असली तर काय होईल ते मी सांगावयास नको.

आता मशिनीबद्दल. साच्याने टीप घालताना खालचे दाते कापड ओढता कामा नयेत. कापड आपण हाताने न्यावयाचे. काही मशिनींत दाते खाली पाडण्याची सोय असते. नसेल तर दात्यांवर बसणारी पत्र्याची झाकणी मिळते, आणि तीही नसेल तर टाक्याची लांबी शून्यावर आणून काम भागते. मग टाका लहान पडावयाचा की मोठा, हे मशिनीचा वेग आणि आपला हात यांवर राहते. पाय जोरात आणि हात सावकाश असला तर टाके मुंगीएवढे. पाय सावकाश आणि हात घाईचा असला तर टाके लांबट. हे सांगून येत नाही. चार दिवस जुन्या चादरीवर सराव केला की येते. फूट कापडाला घट्ट चिकटलेला नसावा, हलकेच टेकलेला असावा. पण फूट खाली सोडण्याचा खटका मात्र पाडलाच पाहिजे. तो वर राहिला तर वरच्या दोऱ्याला ताण राहत नाही आणि खाली दोऱ्याचे जाळे होते. आणि नवा फूट बसविला की आधी हाताने चाक एक पूर्ण फेरा फिरवून पाहावे, सुई कुठे टेकत तर नाही ना.

ज्यांची मशीन हाताने फिरवावयाची आहे त्यांना साचा वापरता येणार नाही. हे मला जरा जड मनाने सांगावे लागते, कारण अशा तीन भगिनी आहेत. एक हात चाकावर, दुसरा साच्यावर, मग गोधडी कोणी न्यावयाची? पायमशीन किंवा मोटारच हवी. पण त्यांच्यासाठी एक वस्तू आहे आणि ती बहुधा त्यांच्याच घरात पडलेली आहे. जुन्या मशिनीच्या खणात हेमर, रफलर असल्या बारीकसारीक फुटांबरोबर एक वाकविलेली सळई असते. आपण तिला कधी हात लावीत नाही. ती क्विल्टर, म्हणजे गोधडीचीच सळई. ती फुटाच्या मागे अडकवावयाची आणि तिचे वाकडे टोक आधीच्या टिपेवर ठेवून पुढची टीप घालावयाची. दोन टिपांतले अंतर शेवटपर्यंत सारखे राहते. एकही रेघ आखावी लागत नाही. सरळ टिपांच्या गोधडीला याहून काही लागत नाही, आणि फुकटात आहे.

सरळ कामासाठी आणखी एक फूट मिळतो, त्याला वॉकिंग फूट म्हणतात. त्याला स्वतःचे दाते असतात. खालचे दाते खालचा थर ओढतात, वरचे दाते वरचा, आणि दोन्ही बरोबर चालतात. त्यामुळे वरच्या थराला चुण्या पडत नाहीत. पाच-सहा पदरी गोधडीला हा फार चांगला. मात्र तो सरळ आणि थोड्याशा वळणापुरता. त्याला खालचे दाते चालू लागतात, साच्याच्या फुटाला बंद लागतात, म्हणून दोघांचे काम एका वेळी होत नाही. आधी सरळ टिपांनी गोधडी बांधून घ्यावी, मग फूट बदलावा.

आता ज्यावर सभेत थोडी बोलाचाली झाली तो मुद्दा. काही भगिनींचे म्हणणे, संच घ्यावयाचा तर बारा साच्यांचा घ्यावा, नक्षी भरगच्च असावी, गिऱ्हाईक खूष होते. मला हे पटत नाही, आणि ते पैशापुरते नाही. आपल्याकडे येणारे कापड नवे नसते. वीस-वीस वर्षे धुतलेले लुगडे, बसून बसून विरलेले. मशिनीची सुई कापडाला भोक पाडते, आणि १६ नंबरची सुई पाव-पाव इंचावर शेकडो भोके पाडू लागली की विरलेले कापड त्या ओळीने फाटते. शिवाय टिपा दाट झाल्या की गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते. हाताचा धावदोरा सैल असतो, थर एकमेकांवर थोडे सरकतात, म्हणून जुनी गोधडी अंगाला बिलगते. मशिनीची टीप खालून-वरून आवळून धरते. तेव्हा जुन्या कापडावर दोन टिपांत निदान दीड-दोन इंच मोकळे राहील अशीच नक्षी असावी. बारीक पाने आणि पिसारे नव्या कापडाच्या पलंगपोसाला शोभतील.

गेल्या पौषात एक बाई आईची तीन लुगडी घेऊन आल्या. आईला जाऊन वर्ष झाले होते. त्यांना मोबाईलमधली ती पिसाऱ्याची नक्षीच हवी होती, आणि दुप्पट मजुरी देण्याची तयारी होती. आम्ही लुगडी उजेडाकडे धरून पाहिली. दोन लुगड्यांच्या मधल्या भागातून पलीकडचे दार दिसत होते. काठ तेवढे शाबूत. असल्या कापडावर मशीन लावली आणि ते उसवले, तर तशी लुगडी कोणत्या दुकानातून आणून देणार? आम्ही त्यांना सारे दाखविले आणि नक्षी नको म्हणून सांगितले. विरलेला भाग आतल्या थराला घातला, बाहेर तिसरे लुगडे आणि काठ ठेवले, आणि हातानेच धावदोरा घातला. दुप्पट मजुरी गेली. त्या वेळी वर्गातल्या एकदोघी रागावल्या होत्या, मला ठाऊक आहे. मजुरीवर ज्यांचे घर चालते त्यांचा राग मी वावगा म्हणत नाही. पण म्हणूनच साचे असे घ्यावेत की जे पुष्कळ गोधड्यांना चालतील, आणि काम भरभर उरकून मजुरी निघेल.

माझी यादी अशी. वाटीफूट एक. दात्यांची झाकणी दोन, कारण ती हरवते. साचे तिकडून दोनच आणावेत. एक सरळ पट्टी, फार तर १० इंच लांब. याहून लांब घेऊन उपयोग नाही, खांबाला अडते. दुसरा रुंद लाटेचा, ज्यावर अंतराच्या रेघा कोरलेल्या असतात. कोरलेली रेघ मागच्या टिपेवर ठेवली की पुढची लाट आपोआप तेवढ्याच अंतरावर येते. गोल, पान वगैरे आपण इथेच कापून घेऊ.

आणि उरलेल्या पैशांतून सुताराकडून पाट करून घ्यावेत, याला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देते. मशिनीच्या पत्र्याला समपातळी येईल असा, डावीकडे आणि पुढे हातभर पसरलेला, गुळगुळीत. साचा अर्धा पत्र्यावर आणि अर्धा हवेत राहिला तर तो कलतो आणि फुटाखाली जातो. शिवाय पाच बाय सात फुटांची गोधडी टेबलाखाली लोंबली की तिचे वजन सुईला मागे ओढते. डावीकडे आणि मागे खाट किंवा टेबल लावून वजन वर घ्यावे. हे केले नाही तर तिकडचा कितीही महाग साचा आणला तरी टीप वाकडीच येणार.

बारीक गोष्टी दोनच. थर जोडताना सेफ्टी पिना लावू नका, साचा पिनेवर चढतो. आपले नेहमीचे लांब कच्चे टाके घाला. आणि खालचे अस्तर कोरे असेल तर आधी पाण्यातून काढा. जुने लुगडे आटावयाचे तेवढे आटलेले असते. कोरे कापड पहिल्या धुण्याला आटते आणि लाटांच्या जागी चुण्या उभ्या राहतात.

सूनबाईंना येत्या रविवारी कळवावयाचे आहे. तोपर्यंत ज्यांच्या मशिनी मी मोजल्या नाहीत त्यांनी दांडी मोजून चिटणीसबाईंकडे लिहून द्यावी. सुताराने पाटासाठी मशिनीच्या पत्र्याची उंचीही मागितली आहे, तीही लिहावी. मंगळवारी दुपारी दोनला वर्ग आहे. झाकणीशिवाय, टाका शून्यावर आणून सराव करू. येताना जुन्या चादरीचा हातभर तुकडा आणा, नवे कापड आणू नका.